लॉनला खत कोणतं? जळगावच्या काळ्या मातीत अकरा महिने

जूनमध्ये घरापुढे जवळपास गुंठाभर जागेत हरळीचं लॉन लावलं. शेजारचे आबा कुंपणापाशी येऊन म्हणाले, "गवतले खत? गाय बांधनी शे का?" त्यांचं हसणं रास्तच, आपल्याकडे हरळी उपटून बांधावर टाकतात.

लावताना शेणखत आणि सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळलं होतं. शेणखत अर्धकच्चं निघालं, त्यातून आलेलं लव्हाळ्याचं तण अजून खुरपतोय. तरी सप्टेंबरपर्यंत गवत झकास होतं. मग ते पिवळं पडायला लागलं. दुकानदार म्हणाला, डीएपी टाका, केळीला चालतं तर गवताला का नाही? टाकलं. फरक शून्य. त्यात ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस), आणि मुळं धरलेल्या गवताची भूक असते ती नत्राची, म्हणजे नायट्रोजनची.

पुढची चूक माझीच. ऑक्टोबरच्या उन्हात, भर दुपारी, नत्राचं खत म्हणून दोन किलो युरिया मुठीमुठीने फेकला आणि पाणी दिलं संध्याकाळी. जिथे जिथे मूठ पडली तिथे ताटाएवढे जळके चट्टे. एक तर गुंठ्याला एका वेळी किलोभर पुरे, तोही गवत कोरडं असताना फेकून लगेच पाणी द्यायचं. शिवाय आपली माती चुनखडीची, वरच्यावर राहिलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडून जातो.

चट्टे भरल्यावर अमोनियम सल्फेटवर आलो. यात नत्र युरियापेक्षा कमी, २१ टक्केच, म्हणून गुंठ्याला दोन किलो, महिन्यातून एकदा. वर गंधक मिळतं, आणि विम्लधर्मी (अल्कली) मातीला हे खत मानवतं. आठ-दहा दिवसांत रंग फिरला. डिसेंबर-जानेवारीत काहीच दिलं नाही. थंडीत हरळी झोपते, तेव्हा खत म्हणजे पैसे मातीत. आता मेच्या उन्हातही खत बंद, फक्त पहाटे पाणी, आणि कापणी जरा उंच.

फेब्रुवारीत कोवळी पाती पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं. ही लोहाची कमतरता. चुनखडीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि माझ्या त्या डीएपीने त्यात भरच घातली असणार. लिटरला पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत), किंचित लिंबू पिळून, संध्याकाळी दोनदा फवारलं. आठवड्यात गवत गडद हिरवं.

फवारताना चार थेंब पायरीच्या फरशीवर उडाले, त्याचे तांबूस डाग काही जात नाहीत. त्यावर तुळशीची कुंडी सरकवलीय, घरात अजून कळलेलं नाही.