अठरा हजारांना पडलेली मोफत तपासणी

आधीच सांगते, मला डुप्लिकेट बूट विकले नाहीत. फॅशन स्ट्रीटवर 'फर्स्ट कॉपी' बघून बघून मुंबईकराची नजर तयार झालेली असते, आणि मी तर बुटाच्या जिभेवरचा कोड खोक्यावरच्या कोडशी जुळवून मगच कार्ड पुढे केलं होतं. बूट अस्सल होते. खोटं होतं ते माझं दुखणं.

मी ४७ वर्षांची. दोन वर्षं शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती नुसती चालत होते. मग धाकट्या जावेच्या नादाने थोडं थोडं पळायला लागले आणि गेल्या वर्षी दोघींनी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या १० किलोमीटरसाठी नाव घातलं. माझ्या जुन्या बुटांचे तळवे पार गुळगुळीत झाले होते. नवे घ्यायचे म्हणून दादर पश्चिमेच्या एका दुकानात शिरले. नाव लिहीत नाही. दारावर मोठी पाटी होती : मोफत पाय तपासणी.

मुलगा चांगला बोलका होता. "काकू, मोजे काढून या मॅटवर उभ्या राहा." समोरच्या पडद्यावर माझे दोन तळवे उमटले, लाल, पिवळे, निळे. तो मुलगा एकदम गप्प झाला. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आतून मॅनेजरला बोलावून आणलं. मॅनेजरने चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याजवळ गेला आणि म्हणाला, "कधीपासून पळताय?"

"आठ महिने झाले."

"गुडघे?"

"उजवा कधीतरी कुरकुरतो." आता सत्तेचाळिशीत कुणाचा नाही कुरकुरत?

त्याने लांब श्वास सोडला. "मॅडम, आत्तापर्यंत कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

या एका वाक्याने माझं काम तमाम केलं. मला फ्लॅट फूट आहे, म्हणजे तळव्याला कमानच नाही, पाय आतल्या बाजूला कलतो, साध्या बुटांवर असंच पळत राहिले तर पाच-सात वर्षांत गुडघा बदलायची पाळी येईल, असं तो सांगत गेला. माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदलून झालेत. त्या दिवसांतले तिचे हाल मी डोळ्यांनी पाहिलेत. हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, पण माझ्या वयाच्या दर दुसऱ्या बाईच्या घरात ही गोष्ट घडलेली असणार, एवढा त्याचा अंदाज नक्की असणार.

मग आले 'स्टॅबिलिटी' बूट. यात आतल्या बाजूचा फोम मुद्दाम कडक ठेवतात, पाय आत कलू नये म्हणून. किंमत १३,९९९. वर कमानीला आधार देणारे इनसोल, म्हणजे बुटात घालायचे वेगळे तळवे, ३,९९९. माझ्या मापात एकच जोड शिल्लक होता, पाच नंबरचा. घालून बघितला तर बोटं पुढे टेकत होती. "पहिल्या आठवड्यात सैल होतो," मुलगा म्हणाला. चपलेचा चामड्याचा पट्टा सैल होतो, बाबा. पळायच्या बुटाची लांबी काही वाढत नाही. हे मला त्या क्षणी सुचलं नाही, कारण डोक्यात गुडघे होते.

तिसऱ्या आठवड्यात वरळी सी फेसपर्यंत जाऊन आले आणि घरी मोजा काढला तर अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख जांभळं झालेलं. कमानीत गोटी ठेवल्यासारखं टोचायचं ते निराळंच. दुकानात गेले तर म्हणाले, पाय सुधारतोय, म्हणून दुखतंय. मी ते ऐकून परत आले. आता लिहिताना लाज वाटते.

शेवटी नवऱ्याने जबरदस्तीने फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्या बाईंनी मला अनवाणी उभं केलं, मागे आरसा धरला आणि म्हणाल्या, टाचा उचला. चवड्यांवर उभी राहिले तशी तळव्याची कमान आरशात छान वर आलेली दिसली. टाचा टेकल्या की जरा बसायची. "अशी लवचीक कमान पुष्कळ जणांची असते. दुखत नसेल तर तिला काही करायचं नाही. दुखत होतं का?" नव्हतं. बुटांनंतर दुखायला लागलं. पडद्यावरच्या लाल रंगाचं विचारलं तर त्या हसल्या. जिथे भार जास्त तिथे लाल. नुसतं उभं राहिलं की टाच आणि चवडा कुणाचाही लालच दिसणार. त्यांनीच सांगितलं की अमेरिकेच्या सैन्यात रंगरूटांना कमानीच्या आकाराप्रमाणे बूट वाटून पाहिले होते, आणि त्याने दुखापती काही कमी झाल्या नाहीत.

मग त्यांनी माझ्या बुटातलं आतलं अस्तर ओढून काढलं, जमिनीवर ठेवलं आणि मला त्यावर उभं केलं. माझं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. ते अस्तराच्या अगदी कडेला येऊन थांबलं होतं. खरं तर सगळ्यांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. अस्तर काढून उभं राहायचं हे काम दुकानात अर्ध्या मिनिटात होतं. तुम्ही एवढं जरी केलंत तरी माझ्यासारखं नख जाणार नाही.

माझ्या जावेचं डोकं मात्र पोलिसाचं. ओल्या पायाने बाथरूमबाहेरच्या कडाप्प्यावर उभी राहिली की तिची फक्त टाच आणि चवडा उमटतो, मधे बारीक रेघ. म्हणजे कमान चांगली उंच. "वहिनी, मी जाऊन येते," म्हणाली. मी समोरच्या रसवंतीत बसले. वीस मिनिटांनी ती ओठ दाबून हसत बाहेर आली. तिलाही तोच पडदा, तेच गप्प बसणं, तेच "आत्तापर्यंत कुणी सांगितलं नाही तुम्हाला?" तिचे पाय म्हणे फ्लॅट व्हायला सुरुवात झाली होती.

पण तक्रार कसली करणार? बिलावर तपासणीचा 'त'ही नव्हता. 'शूज १, इनसोल १', खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. तोंडी सांगितलेला आजार सिद्ध कसा करायचा? मार्ग सापडला तो इनसोलच्या खोक्यावर. किमतीचं लेबल जरा जाड वाटलं म्हणून केसांच्या ड्रायरची गरम हवा मारून सोललं, तर खाली छापील किंमत निघाली १,४९९. छापील किमतीवर वाढीव किमतीचं लेबल चिकटवायला कायद्याने परवानगी नाही. आपल्याकडे ते वैधमापनशास्त्र खातं बघतं. दोन्ही लेबलांचे फोटो काढले, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर घेऊन दुकानात गेले. मॅनेजरचा चष्मा या वेळी नाकावरच होता. इनसोलचे पूर्ण ३,९९९ त्याने तिथल्या तिथे परत केले. बुटांबद्दल म्हणाला, "वापरलेत ना मॅडम." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतरचे बूट दुसरीकडे घेतले. संध्याकाळी गेले, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो, आणि पळायचे मोजे सोबत नेले. सहा नंबर बसला. तिथल्या पोराने कुठल्या मॅटवर चढवलं नाही. "काकू, सिग्नलपर्यंत पळून या," एवढंच म्हणाला. मी साडीवाल्या बायकांमधून, फुलांच्या टोपल्या चुकवत फुटपाथवर पळाले, चार जोड बदलून. ज्यात पाय आहे हे विसरायला झालं तो घेतला. गेल्या वर्षीचं मॉडेल होतं, ५,२०० ला पडलं. १० किलोमीटर त्यातच पूर्ण केले, सीएसएमटीहून निघून.

महागडे बूट अजून गॅलरीत आहेत. पावसात भाजीला जाताना घालते, पुढची बोटं दुमडून. नख मात्र अर्धंच आलंय.