महिला सन्मान बचतपत्र: दोन वर्षं पैसे ठेवले, यंदा जुलैत काढले, त्याचा अनुभव

माझं वय 48, सांगलीत राहते, एका खासगी शाळेत ऑफिसला आहे. पगार होतो पण तो घरात कुठं जिरतो ते कळत नाही, आणि खातं आमच्या दोघांचं, म्हणजे सगळं अहोच बघतात. 2023 ला आई गेली, तिच्या एफडी मोडल्या तेव्हा माझ्या वाट्याला 2 लाख आले. दादाने चेक हातात देताना एवढंच सांगितलं, हे तुझं आहे, घरखर्चात घालू नको.

आधी ज्या बँकेत पगार येतो तिथे एफडी करायला गेले, तर तिथल्या मॅडमनी खुर्चीवर बसवून चहा पाजून अर्धा तास एक पॉलिसीच समजावली, दरवर्षी 50 हजार भरायचे 10 वर्षं, आणि मधे थांबलात तर काय होतं ते तीनदा विचारलं तरी नीट उत्तर नाही. मी फॉर्म तसाच टेबलावर ठेवून उठले. मग आमच्या आरडीवाल्या ताईंनी (त्या पोस्टाच्या महिला प्रधान एजंट आहेत, दर महिन्याला घरी येतात) या सरकारी योजनेचं, म्हणजे महिला सन्मान बचतपत्राचं सांगितलं.

योजना अगदी सरळ होती. 1000 पासून 2 लाखांपर्यंत ठेवायचे, मुदत 2 वर्षं, व्याज 7.5 टक्के आणि दर तिमाहीला ते मुद्दलात जमा होतं. खातं फक्त बाईच्या नाहीतर मुलीच्या नावावर, जॉइंट नाहीच. आधार, पॅन, दोन फोटो, चेक, एवढ्यात काम झालं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काकू, नॉमिनी कोण लावायचं?" आणि मी दोन मिनिटं गप्पच बसले, कारण आजवर घरातल्या प्रत्येक कागदावर नॉमिनीच्या रकान्यात मीच असायचे, हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. लेकीचं नाव लावलं.

त्याच दिवशी 500 रुपये भरून स्वतःचं पोस्टाचं बचत खातंपण उघडलं, 4 टक्के व्याज आहे तिथे. मुदत संपल्यावर पैसे जॉइंट खात्यात जायला नको होते म्हणून. हे मला महत्त्वाचं वाटलं, कारण पैसे एकदा जॉइंट खात्यात गेले की ते कुणाचे होते हे महिन्याभरात कुणालाच आठवत नाही.

यंदा जुलैत 2 लाखांचे 2,32,044 मिळाले, म्हणजे 32,044 व्याज. पासबुकावर तो आकडा बघून डोळ्यात पाणीच आलं, आई असती तर तिला दाखवला असता.

कमी काय वाटलं तेही सांगते. एक तर 2 लाखांची मर्यादा, ती फार कमी होती. माझ्या एका मैत्रिणीकडे नोकरी सोडल्यावरचे 9 लाख होते, तिला याचा काय उपयोग? दुसरं म्हणजे 80सी ची (गुंतवणुकीवर आयकरात मिळणारी) सूट नव्हती आणि व्याज करपात्र. इथे एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते, नवऱ्याने दिलेले पैसे आपल्या नावावर गुंतवले तर त्याचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. माझे आईचे होते म्हणून ते व्याज माझंच. तिसरी आणि मोठी तक्रार मुदतीची. आपल्या वयाच्या बाईपुढे अजून तीस पस्तीस वर्षं असतात, त्यात दोन वर्षांची योजना किती पुरणार? एक वर्षानंतर 40 टक्के काढायची सोय मात्र खरंच चांगली होती, मला लागली नाही पण आहे म्हणून धीर होता.

आता ही योजना नवीन खात्यांसाठी 31 मार्च 2025 लाच बंद झाली आहे, त्यामुळे आज जाऊन मागितली तर मिळणार नाही. तेवढ्याच मुदतीसाठी पोस्टाची 2 वर्षांची टीडी (मुदत ठेव) आहे पण ती 7 टक्के. पोस्टाच्या मंथली इन्कम योजनेत (दर महिन्याला व्याज हातात मिळतं ती) 7.4 टक्के, 2 लाखांवर महिन्याला 1233 रुपये येतात, पण मला माहीत आहे महिन्याला आले की ते भाजी दूध गॅसमधे जाणार, म्हणून नको म्हटलं. मी 1 लाख एनएससीत (राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात) टाकले, 7.7 टक्के, 5 वर्षांनी 1,44,903 होतील. 1 लाख पीपीएफला (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीला), 7.1 टक्के आणि व्याजावर कर नाही, 15 वर्षं म्हणजे मी 63 ची होईन, लोक म्हणाले या वयात कशाला एवढं लांबचं, पण निवृत्तीनंतर मला पेन्शन नाही, मग लांबचं नको तर काय हवं? उरलेले 32 हजार बचत खात्यातच ठेवलेत, दवाखान्यासाठी.

योजनेला माझ्याकडून 5 पैकी 4. सरकारने परत आणावी, मर्यादा 5 लाख आणि मुदत 5 वर्षं करून आणावी असं मनापासून वाटतं. ज्यांनी अगदी शेवटी मार्च 2025 ला खातं काढलंय त्यांची मुदत मार्च 2027 ला भरेल, तेव्हा पैसे कुठल्या खात्यात घ्यायचे ते आत्ताच ठरवून ठेवा, आणि स्वतःचं एकटीचं खातं नसेल तर या महिन्यातच काढा.