मुंबई–न्यूयॉर्क : थेट विमान की अबुधाबीमार्गे?

अंतरात म्हणावा तसा फरक नाही. मुंबई ते जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) थेट साधारण 12,500 किलोमीटर, फ्रँकफर्टमार्गे 12,800 आणि अबुधाबीमार्गे 13,000च्या आसपास. म्हणून किलोमीटर बाजूला ठेवून विमानतळाच्या बाहेर पडेपर्यंतचा वेळ धरावा.

थेट विमानाला जाताना सुमारे 16 तास लागतात. येताना पश्चिमेचे वेगवान वारे पाठीशी असल्याने तास-दीड तास वाचतो. पहाटे 2 वाजता निघालात तर उन्हाळ्यात तिथल्या सकाळी साडेआठला पोहोचाल, हिवाळ्यात साडेसातला. तिकडची घड्याळं नोव्हेंबरात तासभर मागे जातात. इथपर्यंत थेट विमानच सरस.

अडतं ते उतरल्यावर, इमिग्रेशनच्या रांगेत. कधी वीस मिनिटांत सुटका होते, कधी दोन तास लागतात, आणि आधी अंदाज येत नाही. सोळा तास बसून पाय सुजलेल्या आईवडिलांना त्या रांगेत उभं करणं मला पटत नाही. पुढे शिकागो किंवा डॅलसला जायचं असेल तर पट्ट्यावरून बॅगा उतरवून पुन्हा सोपवाव्या लागतात, ते वेगळंच.

अबुधाबीत 2014पासून इमिग्रेशनचं हे काम अमेरिकेचे अधिकारी विमानात चढण्याआधी तिथेच उरकतात. पुन्हा सुरक्षातपासणी, मग पासपोर्ट, बोटांचे ठसे, दोन-चार प्रश्न. जेएफकेला देशांतर्गत प्रवाशासारखं उतरायचं आणि बॅग घेऊन बाहेर पडायचं. मुंबईहून तीन तास, थांबा साडेतीन तास, पुढे चौदा, असे साडेवीस तास होतात. कागदावर साडेचार तास जास्त, पण रांग लांबलेल्या दिवशी प्रत्यक्षात अडीच-तीनच.

घोळ होतो तो थांबा कमी असला की. मुंबईचं विमान उशिरा आलं, तर चेक-इन केलेल्या बॅगेचं छायाचित्र अधिकाऱ्याच्या पडद्यावर यायला वेळ लागतो, आणि ते येईपर्यंत थांबून राहावं लागतं. दोन तासांच्या आतलं कनेक्शन स्वस्त दिसलं तरी घेऊ नये. तीन तास हवेतच. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असावीत, म्हणजे पुढचं विमान चुकलं तर पर्यायी विमानाची जबाबदारी कंपनीवर राहते. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच दोन्ही टप्प्यांसाठी नोंदवावी.

फ्रँकफर्टमार्गे दोन्ही टप्पे जवळपास नऊ-नऊ तासांचे, झोपेला बरे. पण इमिग्रेशनची रांग शेवटी उरतेच.

ग्लोबल एंट्री (अमेरिकेत इमिग्रेशन झटपट व्हावं म्हणून आधीच मिळवलेली मंजुरी) असेल, किंवा एकटा तरुण माणूस केबिन बॅग घेऊन निघाला असेल, तर थेट विमानच घ्यावं. ज्येष्ठांसाठी किंवा लहान मुलं सोबत असताना माझा कल जाताना अबुधाबीकडे आहे. येताना मात्र तो फायदा नाही, तेव्हा परतीचं थेट मिळतंय का पाहावं. फक्त दोन वेगळ्या कंपन्यांची एकेरी तिकिटं बऱ्याचदा महाग पडतात, तेवढा हिशेब आधी करून घ्या.