एका डायलमध्ये तेल आणि पाणी: जुन्या अँबॅसडरसाठी कोणता गेज बनवावा?

अँबॅसडरचं १४८९ सीसीचं बी-सीरिज पेट्रोल इंजिन आणि इंग्लंडच्या एमजीए स्पोर्ट्स कारचं इंजिन ही सख्खी भावंडं. एमजीएच्या डॅशबोर्डवर स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचा एकच गोल गेज असायचा, अर्ध्या डायलमध्ये तेलाचा दाब आणि उरलेल्या अर्ध्यात पाण्याचं तापमान. असा गेज आपल्या गाडीत हवा असेल, तर वाटा तीन आहेत.

गाडीत तेलासाठी नुसता दिवा असेल, तर गेज ही हौस राहत नाही. दिवा पेटतो तो दाब साधारण ५ ते १० पीएसआयवर (दर चौरस इंचाला पौंड) उतरल्यावर. चालत्या गरम इंजिनाचा दाब ५०वरून महिन्यागणिक ३०कडे सरकू लागला, तर बेअरिंग झिजत असल्याचा संशय गेज पाहून येतो. दिवा मात्र विझलेलाच असतो.

पहिली वाट म्हणजे जुना मेकॅनिकल गेज दुरुस्त करून बसवणं. याला वायर लागते ती फक्त आतल्या दिव्याला, त्यामुळे गाडी अजून पॉझिटिव्ह अर्थवर (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेली) असली तरी फरक पडत नाही. व्हिंटेज रॅलीत परीक्षकांना हाच आवडणार. अडचण तापमानाच्या बाजूची. इंजिनाच्या पाण्यातल्या बल्बपासून (हा दिवा नव्हे, तापमान ओळखणारं धातूचं टोक) गेजपर्यंत जाणाऱ्या केसासारख्या बारीक नळीत ईथर भरलेला असतो. नळी एकदा तुटली की काटा कायमचा खाली. ईथर चटकन पेट घेतो, म्हणून घरी डाग देण्याचा प्रयोग करू नये. हे काम जाणकाराचंच. तेलाच्या बाजूला गरम तेल थेट डॅशबोर्डमागे येतं. तांब्याची नळी घेतलीत तर इंजिनाजवळ तिला दोन-तीन वेढे द्या, नाहीतर थरथरीने ती कडक होऊन तडकते. नायलॉनची असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळकांड्यापासून) लांब ठेवा.

दुसरी वाट इलेक्ट्रिक. तयार गेजांमधली काटा फिरवणारी दोन मशिनं काढून एका मोठ्या जुन्या केसमध्ये (गेजच्या डब्यात) बसवायची आणि डायल स्वतः छापायचा. मोठी केस अशासाठी, की नेहमीच्या ५२ मिमीच्या डब्यात दोन मशिनं दाटीवाटीनेही मावत नाहीत. जुन्या डायलचा स्कॅन घेऊन कॉम्प्युटरवर आकडे नव्याने काढले, तर छपाई चांगली येते. बहुतेकांचं घोडं अडतं ते इंजिनावर बसणाऱ्या सेन्सरपाशी. गेज आणि सेन्सर एकाच घराण्याचे हवेत. व्हीडीओ (VDO) या जर्मन ब्रँडचा तेलाचा सेन्सर साधारण १० ते १८० ओहम देतो. अमेरिकन पद्धतीचा गेज २४० ते ३३ ओहमचा, तोही उलट्या दिशेने. जोडी चुकली तर काटा ठणठणीत इंजिनालाही आजारी ठरवतो. आटेही तपासा: ब्रिटिश मापाच्या १/८ बीएसपीला इंचात २८, अमेरिकन मापाच्या १/८ एनपीटीला २७. एकाचे दुसऱ्यात सुरुवातीला बसतात, मग जबरदस्ती केली की ब्लॉकचे आटे जातात. आणि एका टर्मिनलच्या सेन्सरला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्याचं अर्थिंग त्या आट्यांतूनच होतं.

तिसरी वाट स्टेपर मोटरची, म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी फिरणाऱ्या मोटरची. एक्स२७ जातीची इवलीशी मोटर ३१५ अंश फिरते, ५ व्होल्टवर चालते आणि दोनच काय, चार काटेही एका डायलवर बसतात. ती चालवणारा आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि बाकीचा माल पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळून जातो. मोठा फायदा असा, की सेन्सर कुठलाही चालतो. त्याचा तक्ता प्रोग्रॅममध्ये भरायचा. तापमानाचा सेन्सर पातेल्यातल्या पाण्यात गरम करून थर्मामीटर आणि मल्टिमीटर शेजारी ठेवले की तक्ता तयार. (पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे १०० लिहू नका.) सेन्सरच्या सर्किटला आणि आर्डुइनोच्या मोजणीला एकच ५ व्होल्ट द्या, म्हणजे व्होल्टेज हललं तरी काटा हलत नाही. पण गाडीतले १२ व्होल्ट हे नावापुरते १२. चार्जिंगला १४च्या वर, स्टार्टर मारताना बरेच खाली, मध्येच इग्निशनचे झटके. १२चे स्थिर ५ व्होल्ट करणारा चांगला कन्व्हर्टर आणि झटके शोषणारा टीव्हीएस डायोड नसेल, तर खंबाटकीच्या चढाला काटे नाचायला लागतील आणि तिथला मेकॅनिक बॉनेटऐवजी तुमच्याकडे बघेल.

माझा कौल बहुतेकांसाठी दुसऱ्या वाटेला. बिघाड टेस्ट लॅम्पने शोधता येतो आणि सेन्सर कुठल्याही तालुक्याच्या गावी बदलता येतो. ईथरची नळी शाबूत असलेला जुना गेज हाती लागला, तर मात्र पहिलीच वाट धरा, दुसरा विचार नको. तिसरी फक्त स्वतः कोड लिहिणाऱ्याने घ्यावी. दुसऱ्याकडून बनवून घेतलेला असा गेज दोन वर्षांनी बिघडला, तर बनवणारा सापडेलच असं नाही.

कुठलाही गेज बसवला तरी जुना तेलाचा दिवा काढू नका. ब्लॉकवर पितळी टी-जोड लावला की एका तोंडाला गेज आणि दुसऱ्याला दिव्याचा स्विच बसतो. फक्त जोड लांब लोंबकळत ठेवू नका. सेन्सरच्या वजनाने तो मुळातून मोडतो.