तोफ न डागता आकाशगंगा: ‘मास्टर ऑफ ओरायन २’

‘मास्टर ऑफ ओरायन २’ या अंतराळात साम्राज्य उभारण्याच्या, पाळीपाळीने चालणाऱ्या संगणक खेळाच्या नावाला ‘बॅटल ॲट अँटारेस’ असे लढाईचे शेपूट जोडलेले आहे आणि बहुतेक जण तो लढण्यासाठीच उघडतात. मी मात्र गेल्या पावसाळ्यात हा खेळ तीन वेळा शेवटपर्यंत खेळलो तो एका अटीवर: आपण होऊन कोणावरही युद्ध पुकारायचे नाही, वसाहती वाढवायच्या, तह करायचे आणि शेवटी मतांच्या बळावर राज्य मिळवायचे. हे परीक्षण त्या तीन डावांवर आधारलेले असल्यामुळे जहाजांच्या तोफा, कवचे आणि क्षेपणास्त्रे यांविषयी ज्यांना वाचायचे आहे, त्यांच्या हाती येथे फारसे काही लागणार नाही.

स्टीव्ह बार्सिया यांच्या सिमटेक्स या कंपनीने हा खेळ घडवला आणि मायक्रोप्रोझने तो १९९६ मध्ये बाजारात आणला. त्याच्या पहिल्या भागाविषयी ‘कंप्युटर गेमिंग वर्ल्ड’ या मासिकात १९९३ मध्ये लिहिताना ॲलन एमरिच यांनी चार ‘एक्स’ची कल्पना मांडली होती: शोध घ्या (एक्सप्लोर), पसरा (एक्सपांड), साधनसंपत्ती उपसा (एक्सप्लॉइट) आणि नायनाट करा (एक्सटर्मिनेट). पुढे या संपूर्ण खेळप्रकाराला ‘फोर एक्स’ हेच नाव पडले. गंमत अशी की, ज्या मालिकेमुळे हे नाव रूढ झाले तिच्यातच चौथा एक्स वगळून जिंकण्याची सोय आहे. विजयाचे मार्ग तीन आहेत. सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना संपवता येते; दुसऱ्या मितीत राहणाऱ्या अँटारनांच्या घरात घुसून त्यांना हरवता येते; किंवा आकाशगंगा परिषदेत दोन तृतीयांश मते मिळवून सम्राटपदी निवडून येता येते. परिषदेत प्रत्येक साम्राज्याच्या मतांची संख्या त्याच्या लोकसंख्येवर ठरते. नवखा खेळाडू या एका नियमाकडे सहज दुर्लक्ष करतो. पण मला विचाराल तर सगळा खेळ त्यावरच उभा आहे, कारण त्यामुळे विस्तार आणि मुत्सद्देगिरी या दोन वेगळ्या गोष्टी राहतच नाहीत. ओसाड ग्रहावर जन्माला आलेला प्रत्येक शेतकरी हा पुढेमागे मतदार असतो.

सर्वसाधारण पातळीच्या सुरुवातीला हाती एक ग्रह, दोन टेहळणी जहाजे आणि एक वसाहत-जहाज एवढेच असते. जहाजांना इंधनाची मर्यादा असल्यामुळे नकाशावर दिसणाऱ्या ताऱ्यांपैकी मोजक्याच ठिकाणी जाता येते, आणि त्यातले एखादे चांगले ठिकाण अवकाशातल्या एखाद्या अजस्र प्राण्याने अडवलेले असते. अशा वेळी घाईने दुसरे वसाहत-जहाज बांधण्यापेक्षा स्वस्त ठाणी उभारणे शहाणपणाचे ठरते. वायूचा राक्षसी गोळा किंवा लघुग्रहांचा पट्टा माणसाच्या राहण्याच्या कामाचा नसतो. पण तेथे ठाणे बसले की इंधनाची हद्द पुढे सरकते आणि काल आवाक्याबाहेर असलेला हिरवा ग्रह आज पल्ल्यात येतो. आपल्याच सूर्याभोवतीच्या दुसऱ्या ग्रहावर तर जहाजाशिवाय, वसाहत-तळ बांधूनही वस्ती करता येते. ही सोय मला पहिल्या डावात बऱ्याच उशिरा उमगली आणि तोवर शेजारचे सक्रा वंशाचे प्रतिस्पर्धी कितीतरी पुढे निघून गेले होते.

वसाहत झाली की खरा हिशेब सुरू होतो. लोकसंख्येचे प्रत्येक एकक पडद्यावर एका छोट्या माणसाच्या रूपात दिसते आणि त्याला उचलून शेतकरी, कामगार किंवा शास्त्रज्ञ यांच्या रांगेत ठेवावे लागते. चांगल्या जमिनीवर साधा शेतकरी दोन एकके धान्य पिकवतो आणि त्यातले एक स्वतःच खातो. म्हणजे एका शेतकऱ्यामागे जेमतेम एक कामगार किंवा एक शास्त्रज्ञ पोसला जातो. खनिजांनी समृद्ध पण नापीक ग्रहावर वस्ती केली, तर तेथले अन्न मालवाहू जहाजांनी न्यावे लागते आणि जहाजे कमी पडली की तेथे उपासमार होते. माणसे एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर हलवायची झाली तर एका एककासाठी अशी पाच जहाजे अडकतात. हा खर्च डोळ्यांवर येतो, तरी तो करावा. भरलेल्या ग्रहावर लोकसंख्येची वाढ थांबते, अर्ध्या भरलेल्या ग्रहावर ती सर्वांत वेगाने होते. म्हणून जुन्या ग्रहावरची चार माणसे उचलून नव्या वस्तीत नेली की दोन्हीकडे पाळणे हलू लागतात. मतांची मोजणी होईल तेव्हा हीच स्थलांतरे कामाला येतात. माझ्या दुसऱ्या डावात मी एकही मोठे लढाऊ जहाज न बांधता त्या पैशात मालवाहू ताफा दुप्पट केला, आणि तोच माझा सर्वांत फायद्याचा निर्णय ठरला.

खेळात तयार वंश तेरा आहेत आणि त्यांच्याखेरीज दहा गुणांच्या भांडवलावर स्वतःचा वंशही घडवता येतो. शांततेच्या मार्गाने जाणाऱ्याला मानव वंश सोयीचा आहे. त्यांना लढाईत, शेतीत किंवा कारखान्यात कसलीही जास्तीची ताकद नाही. लोकशाही आणि लाघवी स्वभाव एवढीच त्यांची शिदोरी. लोकशाहीमुळे संशोधनाला आणि तिजोरीला चांगली भर पडते, लाघवीपणामुळे समोरचा सम्राट लवकर खूश होतो. मात्र हेरगिरीपासून बचाव करण्यात लोकशाही कच्ची आहे, त्यामुळे डारलोकांसारखे बहुरूपी शेजारी मिळाले की प्रयोगशाळेत रात्रंदिवस खपून लावलेला शोध चोरीला जायला वेळ लागत नाही.

मुत्सद्देगिरीला या खेळात खरी निकड येते ती संशोधनाच्या रचनेमुळे. प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन शोध समोर ठेवले जातात आणि त्यांतला एकच घ्यायचा असतो. उरलेले आपल्या शास्त्रज्ञांसाठी कायमचे बंद होतात. बांधकामाच्या सुरुवातीच्या एका टप्प्यावर स्वयंचलित कारखाने, क्षेपणास्त्र तळ आणि जहाजांचे जड चिलखत यांतून निवड करायची असते. कारखाने सोडून देणे कोणालाच परवडत नाही, म्हणून तळ आणि चिलखत हातचे जाते. मग ते मिळवायचे तर तीनच वाटा उरतात: ज्याच्याकडे आहे त्याच्याशी अदलाबदल करा, हेर पाठवून चोरा, किंवा त्याचे ग्रह जिंकून घ्या. शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय कोणाचेच भागू नये, अशी ही मांडणी मला फार हुशारीची वाटते. नंतरच्या अनेक खेळांनी संशोधनाची मोठमोठी झाडे रचली, पण त्यांत सगळ्यांना शेवटी सगळेच मिळते आणि म्हणून कोणाकडे मागण्यासारखे काही उरत नाही. येथे देवाणघेवाण ही गरज आहे.

बोलणी करण्याचा पडदा साधा आहे. समोर त्या वंशाचा राजदूत येतो आणि व्यापार करार, संशोधन करार, अनाक्रमण करार, युती, तंत्रज्ञानाची अदलाबदल, भेट किंवा खंडणी यांतून काय ते निवडायचे. संगणकाच्या प्रत्येक सम्राटाला स्वभाव दिलेला आहे. कोणी परक्यांचा द्वेष करणारा, कोणी लहरी, कोणी शब्दाला जागणारा. तो ओळखून वागावे लागते. पहिला करार व्यापाराचा करावा, कारण त्यात नाकारण्यासारखे काही नसते आणि तो टिकला की संबंधांचा काटा हळूहळू सलोख्याकडे झुकतो. त्यानंतर संशोधन करार, मग अनाक्रमण, आणि युती अगदी शेवटी. युती म्हणजे मित्राच्या शत्रूंशी वैर हे विसरून मी पहिल्या डावात मर्शान वंशाशी हातमिळवणी केली आणि माझे ज्यांच्याशी काहीच वाकडे नव्हते अशा दोघांशी युद्धात ओढला गेलो. माझी अट शब्दशः मोडली नाही, पण अर्थाने मोडली होती.

संगणकाच्या वागण्यात दोष आहेत आणि ते लहान नाहीत. वर्षानुवर्षांचा मित्र एखाद्या टर्नला, म्हणजे खेळातल्या एखाद्या पाळीला, कसलीही पूर्वसूचना न देता करार मोडतो, त्याचे कारण सांगत नाही, आणि थोड्याच टर्ननंतर जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा व्यापाराचा प्रस्ताव घेऊन येतो. दुबळ्या आरमाराच्या शेजाऱ्याकडे खंडणी मागण्याची खोड जवळजवळ सर्वांना आहे. त्यामुळे युद्ध करायचे नाही याचा अर्थ आरमार ठेवायचे नाही असा होत नाही; चार बरी जहाजे आणि सीमेवरच्या ग्रहांभोवती अवकाशतळ असले की बोलणी किती सौम्य होतात ते पाहण्यासारखे आहे. साम, दाम, दंड, भेद यांतला दंड येथे वापरावा लागत नाही, दाखवावा मात्र लागतो. अँटारनांशी तर बोलणीच होत नाहीत. ते मधूनच येऊन एखादी वसाहत उद्ध्वस्त करून जातात. ज्यांना तो जाच नको असेल त्यांनी सुरुवातीलाच तो पर्याय बंद करावा. मी केला.

आता परिषदेविषयी. सर्वाधिक लोकसंख्येची दोन साम्राज्ये उमेदवार म्हणून उभी राहतात आणि बाकीचे एकेक करून मत देतात किंवा तटस्थ राहतात. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत कोण कोणाच्या बाजूने हात वर करील याचा अंदाज ज्यांनी बांधला आहे, त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. दुसऱ्या डावात माझ्यासमोर सक्रा होते. जमिनीखाली घरे बांधून राहणारा आणि दुप्पट वेगाने वाढणारा हा वंश संख्येच्या स्पर्धेत कायम आघाडीवर असतो. एकूण मते बेचाळीस, हवी होती अठ्ठावीस. माझी स्वतःची सोळा, शिवाय मर्शान आणि नोलाम या वंशांची मिळून नऊ. पंचवीसवर गाडी अडली. सायलॉनांकडे पाच मते होती आणि ते तटस्थ राहिले.

सायलॉनांना वळवणे अवघड असण्याचे कारण मजेशीर आहे. ते सर्जनशील वंशाचे असल्यामुळे प्रत्येक टप्प्यावरचे सगळेच शोध त्यांना मिळतात. त्यामुळे इतर सर्वांना भुरळ घालणारा माझा तंत्रज्ञानाचा माल त्यांच्या दारात कवडीमोल होता. मी आधी नको त्या गोष्टी देऊ करत बसलो. नंतर लक्षात आले की त्यांना हवे होते ते पैसे आणि शांत सीमा. त्यांच्या हद्दीत काम करणारे माझे दोन हेर परत बोलावले, कारण ते पकडले गेले की महिनोन्‌महिन्यांची मशागत वाया जाते. दर काही टर्नांनी रोख भेट पाठवली. संशोधन करार केला. आणि दरम्यान दोन नव्या ग्रहांवर माणसे नेऊन स्वतःचे एक मतही वाढवले. पुढच्या बैठकीत सायलॉनांचा प्रतिनिधी माझ्या बाजूने बोलला तेव्हा मी खुर्चीवरून उठून चहा टाकायला गेलो होतो आणि निकाल परत आल्यावर पाहिला.

उत्तरार्धात हा खेळ कंटाळवाणा होतो, हे कबूल केले पाहिजे. प्रत्येक वसाहतीच्या बांधकामाच्या यादीत सातच नोंदी मावतात आणि पंचवीस-तीस वसाहती झाल्या की प्रत्येक टर्नला कोणीतरी रिकामे बसलेले असते. आपोआप बांधण्याची सोय आहे, पण ती इतक्या विचित्र क्रमाने इमारती उभारते की ती बंद ठेवणेच बरे. चित्रे ६४० बाय ४८० बिंदूंची असल्यामुळे आजच्या मोठ्या पडद्यावर अक्षरे जाडीभरडी दिसतात. मजकूर इंग्रजीत असला तरी छोट्या वाक्यांचा आहे. २०१६ मध्ये एनजीडी स्टुडिओज यांनी याच नावाची नवी आवृत्ती केली. ती देखणी आहे, तिच्यात आवाजही नामवंतांचे आहेत. पण ताऱ्यांमधले रस्ते आखून दिलेले असल्यामुळे इंधनाचा हिशेब करत पुढे सरकण्याची मजा तिच्यात उरलेली नाही. मी दोन संध्याकाळी ती खेळून जुन्याकडे परतलो.

जुना खेळ गॉग या संकेतस्थळावर पहिल्या भागासह विकत मिळतो आणि जुने डॉस खेळ चालवणाऱ्या डॉसबॉक्स या प्रणालीच्या आधाराने साध्यातल्या साध्या संगणकावरही चालतो. मूळ निर्मात्यांची अखेरची दुरुस्ती १.३१ ही होती. पुढे चाहत्यांनी तयार केलेली १.५० बसवली तर बरेचसे जुने दोष निघून जातात. पहिल्यांदा खेळणाऱ्याने मध्यम आकाराची आकाशगंगा, चार-पाच प्रतिस्पर्धी आणि मानव वंश निवडावा, आणि लढायांचा तपशील नको असेल तर सुरुवातीलाच डावपेचांची लढाई बंद करावी.

सध्या माझा चौथा डाव सुरू आहे, तो सिलिकॉइडांचा. दगड खाऊन जगणाऱ्या या वंशाला शेती लागत नाही आणि कोणत्याही विषारी ग्रहावर तो सुखाने राहतो, म्हणजे पसरण्याला अडसर जवळजवळ नाहीच. पण तो इतका किळसवाणा मानला जातो की त्याच्याशी व्यापाराचा साधा करारही कोणी करत नाही. गेल्या बैठकीत मला अठरा मते मिळाली. ती सगळी माझीच होती.