‘५०,००० एमएएच’ची पॉवर बँक आणि माझे १,९९६ रुपये

रक्कम आधीच सांगते. दोन पॉवर बँकचे १,५९८ रुपये, डिलिव्हरीचे ९९ आणि नंतर ‘रिव्हर्स पिकअप’च्या नावाखाली उकळलेले २९९. एकूण १,९९६. रक्कम फार मोठी नाही हे पोलीस ठाण्यापासून कुरिअरच्या ऑफिसपर्यंत सगळ्यांनी मला ऐकवून झालं आहे, तेव्हा कृपया तुम्ही ऐकवू नका. त्यातली एक वस्तू माझ्या वडिलांच्या उशाशी, वारीतल्या तंबूत फुगली. शेजारी माणसं झोपलेली होती, खाली गवत होतं, वर ताडपत्री. माझा राग त्याचा आहे.

बाबा दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालतात. वय ६८, शुगर आहे, त्यामुळे रात्री घरी एक फोन झालाच पाहिजे असा आमचा नियम. मुक्कामी चार्जिंगचे काय हाल असतात ते वारी केलेल्यांना सांगायला नको. एका बोर्डाला वीस-पंचवीस फोन लटकलेले, आपला नंबर लागेपर्यंत दिंडी निघायची वेळ होते. म्हणून या वर्षी एक पॉवर बँक बाबांना आणि एक दिंडीतल्या काकांना द्यायची ठरवली. तेवढ्यात फोनवर जाहिरात दिसली: ५०,००० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), एमआरपी ४,९९९, आज फक्त ७९९, फ्लाइट अप्रूव्हड, कॅश ऑन डिलिव्हरी.

यातलं ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ वाचूनच मी निर्धास्त झाले. ज्याला पैसे बुडवायचे आहेत तो आधी मागेल, वस्तू दारात आणून कशाला देईल? कोणीही असाच विचार करेल.

पार्सल आलं तो क्षण मला अजून छळतो. दारात मुलगा उभा, त्याच्या मागे लिफ्ट उघडी धरून ठेवलेली. खोकं हातात आलं आणि आत दोन-दोन पॉवर बँक असूनही ते हलकं लागलं. मनात आलंसुद्धा, एवढं हलकं कसं? मी म्हटलं, उघडून बघते. तो म्हणाला, “ताई, आधी पेमेंट, मग पार्सल. उघडून दाखवायची आम्हाला परवानगी नाही.” त्याचंही खोटं नव्हतं, त्याला तसंच सांगितलेलं असतं. मी पैसे दिले. दारात उभं राहून वजनाचा हिशेब कोण करतं?

तो हिशेब आता करून दाखवते. बहुतेक स्वस्त पॉवर बँकांमध्ये १८६५० नावाचे गोल सेल असतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. चांगल्यातला चांगला सेल साधारण ३,५०० एमएएचचा, वजन ४५ ते ५० ग्रॅम. म्हणजे ५०,०००साठी १४-१५ सेल लागतील आणि नुसत्या सेलचंच वजन साडेसहाशे ग्रॅमच्या वर जाईल. आमच्या वाण्याच्या काट्यावर माझी पॉवर बँक भरली १९० ग्रॅम. चपट्या पाउचचे सेल घातले तरी एवढा मोठा फरक पडत नाही.

आणि ते ‘फ्लाइट अप्रूव्हड’! ५०,००० एमएएच, म्हणजे ५० अँपिअर-अवर, गुणिले सेलचे ३.७ व्होल्ट म्हणजे १८५ वॉट-अवर. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक चालते, तीही केबिन बॅगेतच. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्याच्या वर नाहीच. म्हणजे जाहिरातीतल्या दोन ओळींपैकी एक तरी खोटी असणार हे तिथेच लिहिलेलं होतं. पण बाबांना कुठे विमानात बसायचं होतं? त्या शब्दाकडे मी पाहिलंच नाही.

घरी चार्जिंगला लावली तर दीड तासात चारही दिवे लागले. मला आनंद झाला, किती पटकन भरते म्हणून. खरी ५०,०००ची असती तर आपल्या साध्या १० वॉटच्या चार्जरवर तिला वीस तास तरी लागले असते. लवकर ‘फुल’ होणारी मोठी पॉवर बँक म्हणजे आत काही नाही, हे लक्षात ठेवा.

सासवडच्या मुक्कामी पहिल्यांदा लावली तर बाबांचा फोन जेमतेम तीस टक्क्यांनी भरला आणि दिवे गेले. बाबांना वाटलं, आपल्यालाच नीट लावता आली नाही. लोणंदला त्यांनी ती जनरेटरच्या बोर्डावर चार्ज करून उशाशी ठेवली. रात्री एका माळकऱ्यांना उग्र वास आला. हात लावला तर तापलेली, मधून फुगलेली, प्लास्टिकचा सांधा उकललेला. त्यांनी ती टॉवेलात धरून बाहेर मोकळ्या मातीत नेऊन ठेवली, म्हणून निभावलं. त्या माणसाचे उपकार आम्ही विसरणार नाही.

काकांची न फुगलेली पॉवर बँक आमच्या कोपऱ्यावरच्या मोबाइल रिपेअरवाल्याने उघडली. (हे घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन करू नका. सेलला भोक पडलं तर तो पेटतो.) आत वरचं वेष्टण खरवडलेले दोन सेल, एक नखाएवढा सर्किट बोर्ड आणि उरलेल्या जागेत गरम गोंदाने चिकटवलेली वाळूची पुरचुंडी. सेल जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले असावेत, असं तो म्हणाला. वजन वाढवायला वाळू! आणि ती घालूनही १९० ग्रॅम.

खोक्यात एक कस्टमर केअरची चिठ्ठी होती. फोन केला तर समोरच्याला माझं नाव, पत्ता, ऑर्डर नंबर सगळं ठाऊक. म्हणूनच विश्वास बसला. परत न्यायला माणूस पाठवतो, २९९ भरा, रिफंडमध्ये मिळतील. यूपीआयने पाठवले आणि नंबर बंद. पैसे परत करणारा माणूस आधी पैसे मागत नाही. एवढं एक तरी पाठ करून ठेवा.

यापुढची कथा फसवणुकीपेक्षा जास्त संतापाची आहे. जाहिरात दाखवणाऱ्या साइटला कळवलं, तर ‘ही जाहिरात आमच्या नियमांचं उल्लंघन करत नाही’ असं छापील उत्तर. पोलीस ठाण्यात विचारलं, “मॅडम, दोन हजारांसाठी एफआयआर करायचा का?” रोख दिलेले पैसे सायबरमध्ये बसत नाहीत आणि यूपीआयचे २९९ इथे बसत नाहीत! फुगलेल्या बॅटरीचा फोटो दाखवला, तर म्हणे, काही झालं नाही ना? म्हणजे तंबू पेटल्यावर यायचं होतं का? आणि कुरिअरवाले! “आम्ही फक्त पार्सल पोचवतो.” अहो, माझ्या दारातून रोकड तुम्ही नेलीत. तुमचा वाटा कापून ती कुणाच्या तरी खात्यात तुम्हीच भरलीत. ते खातं कोणाचं, हे तुमच्या कॉम्प्युटरवर आहे. मला सांगू नका, पोलिसांना तरी सांगा. पण पोलीस विचारत नाहीत आणि हे सांगत नाहीत.

तरीही तक्रार सोडू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला १९३० वर फोन करा, वस्तूबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीला फी नाही. मी केली आहे. जाहिरातवाल्याबरोबर कुरिअर कंपनीलाही सामनेवाला केलं आहे, कारण पार्सलवरचा विक्रेत्याचा पत्ता अर्धवट निघाला.

नवीन घेताना पाठीमागचा बारीक मजकूर वाचा. प्रामाणिक कंपनी १०,००० एमएएचच्या खाली ‘रेटेड कपॅसिटी’ साधारण सहा-साडेसहा हजार छापते, कारण ३.७ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना तेवढंच हाती लागतं. ते फसवणं नव्हे, उलट तो आकडा नसेल तर संशय घ्या. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) खुणेखाली आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा. नुसती खूण छापलेली असणं पुरेसं नाही. माझ्या पॉवर बँकेवरचा नंबर टाकला तर भलत्याच कंपनीचा मोबाइल चार्जर निघाला. आणि वारीसाठी १०,०००ची खरी पॉवर बँक भरपूर झाली.

तुमच्याकडे अशी पांढरी, चार निळ्या दिव्यांची, ५०,००० लिहिलेली पॉवर बँक आली असेल तर पार्सलवरचं लेबल फाडून टाकू नका, फोटो काढून जपा. किंचितही फुगली असेल तर आजच वापर थांबवा, पुन्हा चार्जिंगला लावू नका, उन्हात किंवा गाडीत ठेवू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या. घंटागाडीत टाकलीत तर कचरा दाबताना ती गाडीतच पेट घेऊ शकते आणि तिथेही माणसं काम करत असतात.