लॅमिंग्टन रोडचा रिफर्ब लॅपटॉप: मशीन घ्या, ‘ऑफिस फ्री’ तिथेच ठेवा

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून पाच-सात मिनिटं चाललं की लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने पत्ता विचारणारा बाहेरगावचा, हे लगेच ओळखू येतं. इथल्या गाळ्यांत आणि वरच्या मजल्यांवरच्या खोल्यांत जे ‘रिफर्ब’ लॅपटॉप मिळतात, त्यांच्याबद्दल हे लिहितोय. एका दुकानाचं नाव घेण्यात अर्थ नाही. कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून सोडलेले लॉट फुटतात आणि तोच माल कमी-अधिक फरकाने सगळ्यांकडे येतो. फरक असतो तो आत काय ‘टाकून’ दिलंय त्यात, आणि गिऱ्हाईक नेमकं तिथेच बघत नाही.

मशीन म्हणून सौदा चांगला आहे. वीस हजारांच्या आगेमागे नवा लॅपटॉप घेतला तर बहुतेकदा बोर्डावरच डकवलेली रॅम, लचकणारं झाकण आणि नावापुरता प्रोसेसर पदरात पडतो. त्याच बजेटमध्ये इथे लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ७४९० किंवा एचपीचा एलिटबुक ८४० जी५ बघायला मिळतात. टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, एसएसडी बदलता येते, कीबोर्ड दिवसभर बडवण्याच्या लायकीचा आहे, आणि कुठलाही भाग बिघडला तर तो याच रस्त्यावर मिळतो.

मात्र मॉडेलच्या नावावर जाऊ नका. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर जवळपास आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्यामुळे ही यादी आता टाळता येत नाही. टी४७० सातव्या पिढीपर्यंतचा, टी४८० आठव्या पिढीचा, असं ढोबळ गणित सांगतात. पण टी४८०, ७४९० आणि ८४० जी५ ही तिन्ही मॉडेलं काही ऑर्डरींमध्ये सातव्या पिढीच्या आय५-७३००यू वरही निघाली होती. बाहेरून काडीचाही फरक दिसत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा आणि आकडा स्वतः वाचा: ८२५०यू किंवा ८३५०यू हवा. ‘टीपीएम २ आहे ना, मग झालं’ हे उत्तर चालवून घेऊ नका, कारण टीपीएम ही सुरक्षेची चिप सातव्या पिढीच्या मशीनमध्येही असते. ‘बघा, इलेव्हन चालतंय की’ हेही पुरेसं नाही. तपासणीला बगल देऊन ते बसवता येतं, पण मग दरवर्षीची मोठी आवृत्ती त्या मशीनला आपसूक येत नाही.

आता खरी गोम. काउंटरवर हमखास ऐकू येणारं वाक्य: ‘साहेब, विंडोज, ऑफिस, सगळं टाकलेलं आहे, लाइफटाइम.’ हे लाइफटाइम कुणाचं, ते तपासायला दोन मिनिटं लागतात. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत एसएलएमजीआर लिहा, एक स्पेस सोडा, तिरपी रेघ (/) द्या आणि पुढे डीएलआय. एंटर मारल्यावर चार-पाच सेकंदांनी एक छोटी खिडकी उघडते. तिच्यातल्या डिस्क्रिप्शनच्या ओळीत शेवटी ‘चॅनल’ हा शब्द असतो आणि त्याच्या आधी काय लिहिलंय, त्यावर सगळं अवलंबून आहे.

तिथे ओईएम डीएम असेल तर निश्चिंत व्हा. लॅपटॉप कारखान्यातून निघताना मदरबोर्डाच्या चिपमध्ये जी की लिहिली जाते, तीच चालू आहे. व्हॉल्यूम केएमएस क्लायंट दिसलं तर हात आखडता घ्या. हा प्रकार मोठ्या कंपन्यांसाठीचा: मशीन ऑफिसातल्या सर्व्हरला अधूनमधून हजेरी देतं आणि दर वेळी १८० दिवसांची मुदत मिळवतं. तुमच्या घरी असा सर्व्हर नाही. म्हणजे दुकानदाराने तो सर्व्हर असल्याचं सोंग करणारा प्रोग्रॅम आत सोडलाय. व्हॉल्यूम एमएके असेल तर ती एखाद्या कंपनीची किंवा कॉलेजची की, मोजक्याच मशीनांसाठी दिलेली. मायक्रोसॉफ्टने ती बंद केली की तुमच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात पाणचिन्ह उगवतं. डीएलआयच्या जागी एक्सपीआर लिहून ‘कायमचं अ‍ॅक्टिव्हेटेड’ असा संदेश काही दुकानदार अभिमानाने दाखवतात. एमएकेवरही तोच संदेश येतो, तेव्हा त्याची किंमत शून्य.

फसवं असतं ते ‘रिटेल’. कीचे शेवटचे पाच अक्षरांक ३व्ही६६टी असतील तर ती विंडोज प्रोची सर्वांना ठाऊक असलेली सामायिक की आहे. खऱ्या डिजिटल लायसन्सवरही ती दिसते आणि खोट्या मार्गाने मिळवलेल्या लायसन्सवरही. खिडकीकडे बघून फरक कळत नाही. तिथे मशीन पुसून विंडोज नव्याने टाकणं बरं.

गंमत म्हणजे यातल्या बहुतेक मशीनांना चोरीची गरजच नसते. विंडोज ८ पासून ब्रँडेड लॅपटॉपची की बोर्डातच असते, आणि कंपन्यांच्या मशीनांना बहुधा प्रोचीच असते. विंडोज १० च्या त्या कीवर ११ सुद्धा अ‍ॅक्टिव्हेट होतं. मग दुकानदार केएमएस का टाकतो? सवयीने. चाळीस मशीनांचा लॉट आला की एका मशीनवर विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, व्हीएलसी असा सगळा संसार मांडायचा आणि त्याचीच इमेज (हुबेहूब नक्कल) उरलेल्या एकोणचाळीसांवर छापायची. बोर्डातल्या कीकडे बघायला वेळ कुणाला आहे?

म्हणून सौदा ठरण्याआधीच सांगा: नवं इन्स्टॉल माझ्यासमोर, माझ्या पेन ड्राइव्हवरून. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घरून तयार करून न्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या मीडिया क्रिएशन टूलने. लेनोवो आणि डेलवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेन ड्राइव्हवरून सुरू करा. सगळी पार्टिशन डिलीट करा, एकही ठेवू नका. बोर्डात की असेल तर इन्स्टॉलर की विचारत नाही, होम की प्रो हेही स्वतः ठरवतो. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि सेटअप पूर्ण होऊ द्या. वायफाय सापडलंच नाही तर यूएसबी टेदरिंग करा. एसएसडीवर एवढं अर्ध्या तासात आटपतं. शेवटी अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर डिजिटल लायसन्सने अ‍ॅक्टिव्हेटेड असं आलं पाहिजे. नाही आलं तर मशीन मुळात विंडोजशिवाय विकलेलं असेल, नाहीतर बोर्ड बदललेला आहे. त्या परिस्थितीत एकतर भाव पाडा, नाहीतर मायक्रोसॉफ्टकडे नोंदणी असलेल्या रिफर्बिशरचं मशीन बघा. त्यावर रिफर्बचा वेगळा लायसन्स स्टिकर असतो.

या उद्योगात आणखी एक भूत बाहेर पडतं. नेट जोडल्यावर सेटअपच्या मधोमध अचानक भलत्याच कंपनीचं नाव आलं आणि तिथला ईमेल-पासवर्ड मागितला, तर त्या मशीनची नोंद जुन्या मालकाच्या ऑटोपायलटमध्ये (कंपनीची मशीनं आपोआप तिच्या नावे सेट करणारी मायक्रोसॉफ्टची सोय) अजून शिल्लक आहे. दुकानात नेट न जोडता लोकल अकाउंटवर सेटअप केलेला असतो, त्यामुळे ते झाकलेलं राहतं. घरी वर्षभराने रीसेट केलं की उघडं पडतं. ती नोंद जुन्या कंपनीचा आयटी विभागच काढू शकतो. तेव्हा मशीन बदलून मागा, ‘काढून देतो’ यावर थांबू नका. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन सुपरवायझर पासवर्ड नाही ना, एवढंही बघून घ्या.

ऑफिसचं प्रकरण याहून सोपं. जवळपास प्रत्येक मशीनवर ऑफिस प्रोफेशनल प्लस २०२१ असतं, आणि या नावातच उत्तर आहे. ‘प्लस’वाली ही आवृत्ती मायक्रोसॉफ्ट किरकोळीत विकत नाही, ती मुख्यतः संस्थांच्या करारांतून मिळते. त्यामुळे एकेकट्या गिऱ्हाइकाला पाच-सातशे रुपयांत तिची ‘ओरिजिनल की’ मिळाली, तर ती बहुधा कुठल्या तरी संस्थेच्या कोट्यातून निसटलेली आहे. वर्डमध्ये फाइल, मग अकाउंट उघडा. सरळ मार्गाने घेतलेल्या ऑफिसवर ते कुणाच्या ईमेलशी जोडलंय हे दिसतं. इथे प्लस हा शब्द दिसेल आणि मालकाचं नाव नसेल. काही जण की चालली नाही तर लांबलचक इन्स्टॉलेशन आयडीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतात आणि उलट आकडे पाठवतात. ते त्या एका इन्स्टॉलपुरतं. विंडोज पुन्हा टाकलं की पुन्हा त्यांच्याच दारात, आणि तेव्हा नंबर लागेलच असं नाही.

पैशापेक्षा मोठी अडचण सुरक्षेची आहे. खोटा केएमएस प्रोग्रॅम विंडोज डिफेंडरला दिसला की तो त्याला हॅकटूल म्हणून उडवतो. म्हणून दुकानात आधी डिफेंडरला सांगून ठेवतात की अमुक फोल्डरकडे बघू नकोस. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज आणि खालच्या बाजूला एक्सक्लूजन्स. नव्या मशीनवर ही यादी रिकामी हवी. काही इमेजमध्ये आख्खा सी ड्राइव्ह तिथे घातलेला असतो! म्हणजे पहारेकरी दाराशी उभा, पण डोळ्यांवर पट्टी. त्याच मशीनवर नेटबँकिंग करायचं आणि सोसायटीचे हिशेब ठेवायचे, हा विचार ज्याचा त्याने करावा. कायद्याचं म्हणाल, तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ बी खाली जाणूनबुजून चोरीचा प्रोग्रॅम वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. घरी कुणी तपासायला येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण छोट्या ऑफिसात बिलं करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मग काय वापरायचं? पत्रं, बायोडेटा, शाळेचे प्रोजेक्ट यांना ब्राउझरमधलं फुकट ऑफिस किंवा लिबरऑफिस पुरतं, आणि लिबरऑफिसचे मेन्यूही मराठीत करता येतात. समोरच्याकडून वर्डची टेबलांनी भरलेली फाइल येत असेल तर लिबरऑफिसमध्ये ओळी खालीवर होतात, आणि एक्सेलचे मॅक्रो धड चालतीलच असं नाही. तसं काम रोजचं असेल तर ऑफिस होम २०२४ एकदाच पैसे भरून एका मशीनसाठी घ्या (आउटलुक त्यात नाही). घरात माणसं जास्त असतील तर ३६५ फॅमिली घ्या, ते सहा जणांत वाटता येतं. गिरगाव-दादरकडच्या डीटीपीवाल्यांना वेगळी सूचना: डोंगलवर चालणारं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो का, हे तोच डोंगल दुकानात नेऊन बघा आणि मगच जुना पीसी मोडीत काढा.

हार्डवेअरच्या तपासण्या थोडक्यात. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, तिरपी रेघ, बॅटरीरिपोर्ट. डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी यांचे आकडे ताडून बघा. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलून मागा. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, आत २४ वॉट-अवरची आणि बाहेर काढता येणारी दुसरी. दुकानदार बाहेरची नवी लावून खूश करतो, आतली तशीच राहते. डिझाइन आणि फुल चार्जचे आकडे अगदी तंतोतंत सारखे आणि सायकल शून्य असतील तर बॅटरी डुप्लिकेट असण्याची शक्यता धरा. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये एसएसडीचं आरोग्य आणि ती किती तास चालली ते बघा.

टी४८० चं एक खास दुखणं आहे. त्या काळातल्या थंडरबोल्टच्या (टाइप-सी आकाराचा वेगवान पोर्ट) फर्मवेअरमध्ये दोष होता: ते आपल्याच चिपवर सतत नोंदी लिहीत राहायचं आणि शेवटी पोर्ट मरायचा. लेनोवोने त्याचं अपडेट दिलंय, पण पोर्ट मरायच्या आधी टाकलं तरच सरळ उपयोग. नंतर चिप काढून पुन्हा लिहावी लागते. म्हणून दोन्ही टाइप-सी पोर्टवर चार्जर लावून बघा, जमल्यास मॉनिटरही लावा. चार्जर ६५ वॉटचा घ्या.

बिल पक्कं, जीएसटीसह, आणि त्यावर मशीनचा सीरियल नंबर. सहसा तोंडी महिन्याभराची वॉरंटी सांगतात, ती बिलावर लिहून घ्या आणि बॅटरी तिच्यात धरली आहे का हे विचारा. रविवारी बाजार बहुतेक बंद असतो आणि शनिवारी संध्याकाळच्या गर्दीत अर्ध्या तासाचं इन्स्टॉल कुणी करू देत नाही. आठवड्याच्या मधल्या वारी, दुकानं नुकतीच उघडलेली असताना जा.